छाप आणि चेहरा : पाळीव प्राण्यांची चित्रे लोकांपर्यंत नेणाऱ्या कलोपक्रमांचा विचार
(एपीएमसी मार्केट, नवी मुंबई यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मराठी कलासमीक्षेत 'व्यक्तिचित्र' ही संज्ञा माणसाच्या चित्रासाठी राखून ठेवलेली दिसते. प्राण्याचे चित्र असेल तर त्यास 'प्राणिचित्र' म्हटले जाते आणि वर्गीकरण तेथेच थांबते. परिणामी अभयारण्यातील वाघाचे चित्र, दिनदर्शिकेवरील पोपटाचे चित्र आणि एखाद्या कुटुंबाने आपल्या 'मोती' नावाच्या कुत्र्याचे काढवून घेतलेले चित्र ही तिन्ही एकाच कप्प्यात जाऊन पडतात. वस्तुतः यांतील तिसरे चित्र पहिल्या दोहोंपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. वाघाच्या चित्रातील वाघ हा कोणताही वाघ असू शकतो. मोतीच्या चित्रातील कुत्रा मोतीच असावा लागतो. त्याचा एक कान पडलेला असेल तर चित्रातही तो पडलेलाच हवा. यशोधराने कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेत चित्राची जी सहा अंगे नोंदविली, त्यांतील 'सादृश्य' या अंगाची खरी कसोटी येथे लागते. कारण चित्र पाहणारा त्या प्राण्याबरोबर राहिलेला असतो आणि त्याची फसवणूक होणे कठीण असते.

असे चित्र घरातल्या भिंतीवर असते तोवर समीक्षेपुढे फारसा प्रश्न उभा राहत नाही. प्रश्न उद्भवतो तो चित्र घराबाहेर पडल्यावर. पाळीव प्राण्यांची चित्रे सार्वजनिक भिंतींवर रंगविणे, त्यांची प्रदर्शने भरविणे, धर्मादाय कार्यासाठी ती काढून देणे, वस्तूंवर छापणे असे अनेक सर्जनशील उपक्रम जगभर होत असतात आणि महाराष्ट्रही त्यास अपवाद नाही. या उपक्रमांकडे बहुधा कौतुकाने अथवा उपेक्षेने पाहिले जाते. चित्र अनेकांचे होत असताना त्यातील त्या एका प्राण्याचे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी पाहण्याचे ठिकाण म्हणून वाशी-तुर्भे परिसरातील एपीएमसी मार्केटची निवड केली आहे. ही निवड काहीशी विचित्र वाटण्याचा संभव आहे, कारण तेथे ना कलादालन आहे ना चित्रशाळा. परंतु प्राण्यांच्या प्रतिमा रोज हजारो माणसांच्या हाताखालून जातात असे ठिकाण मुंबई परिसरात शोधावयाचे तर या बाजाराइतके दुसरे सापडणे अवघड आहे.

बाजारातील छापा

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९७७ साली झाली आणि त्यानंतर जुन्या मुंबईतील घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे हलविण्यात आला. कांदा-बटाटा बाजार १९८१ साली आला. फळे आणि भाजीपाला १९९६ साली. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळ, मसाला आणि दाणा अशा पाच बाजारांत आज हा व्यवहार विभागलेला आहे.

मुंबईच्या ज्या जुन्या मंडयांतून हा व्यापार येथे आला त्यांपैकी क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा फुले मंडई, ही १८६९ साली पूर्ण झालेली वास्तू कलेच्या दृष्टीने श्रीमंत होती. तिच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे सर ज. जी. कलाशाळेतील अध्यापक जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. याच किपलिंग यांनी पुढे १८९१ साली भारतीय माणूस आणि त्याचे प्राणी यांच्या संबंधावर 'बीस्ट अँड मॅन इन इंडिया' हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मंडईच्या आवारात पाळीव पशुपक्ष्यांची दुकानेही होती. वाशीस व्यापार आला. शिल्पे आणि पाखरे मागे राहिली. नव्या बाजाराच्या वास्तूत डोळा थांबावा असे काही नाही, हे मान्य करावयास हवे. मात्र मालाबरोबर एक चित्रपरंपरा येथे आली, ती म्हणजे पोत्यांवरील आणि पेट्यांवरील छाप. तांदळाच्या कट्ट्यावर हत्ती, डाळीच्या पोत्यावर घोडा, मसाल्याच्या खोक्यावर मोर अथवा उंट.

या छापांकडे केवळ सजावट म्हणून पाहता येत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्या कष्टकऱ्यांना संरक्षण दिले त्या हमाल-माथाडींच्या कित्येक पिढ्यांना अक्षरओळख नव्हती. गाडीतून उतरलेले कोणते पोते कोणत्या गाळ्यावर टाकावयाचे हे त्यांना चित्रावरून ओळखावे लागे. म्हणून पोत्यावरचा घोडा दुरून कळावा, पावसात भिजला तरी कळावा, आणि मुख्य म्हणजे शंभर पोत्यांवर शंभर वेळा अगदी तसाच असावा. घरगुती ग्राहकाचेही तेच. 'कासव छाप' असे सांगितले की डासांची अगरबत्ती हाती पडते. ते कासव कोणाचे, असे कोणी विचारत नाही.

या संदर्भात एक मराठी उदाहरण लक्षणीय आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या उद्योगास प्रारंभ केला तेव्हा त्यांची पहिली उत्पादने 'हॉर्स ब्रँड' या नावाने विकली जात. पुढे 'कॅमल' आले आणि त्यातून 'कॅम्लिन' हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी आपल्या घरच्या मांजराचे वा बैलाचे पहिले चित्र या उंटाच्या रंगांनीच काढले असेल. रंगाच्या डबीवर छाप आणि डबीतील रंगाने कागदावर उमटणारा चेहरा अशी ही मौजेची शेजारवस्ती आहे.

छाप आणि चेहरा यांतील भेद येथे स्पष्ट करून ठेवणे आवश्यक आहे. छापेचे मूल्य तिच्या पुनरुक्तीत असते. दुसरी प्रत पहिलीपेक्षा वेगळी निघाली तर ती छाप बिघडली असे मानले जाते. व्यक्तिचित्राचे मूल्य उलट, त्यातील प्राण्याच्या जागी दुसरा प्राणी ठेवता येत नाही यात असते. लोकांपर्यंत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक प्राणिव्यक्तिचित्रावर छाप होण्याचा दाब येतो. काही चित्रे त्या दाबाखाली पूर्णतः सपाट होतात, काहींचा थोडा अंश उरतो. समीक्षेने पाहावयाचा आहे तो हा उरलेला अंश.

गोव्याहून गेलेला गेंडा, पुण्यात राहिलेला गेंडा

हा दाब आधुनिक जाहिरातीने निर्माण केला असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा पश्चिम किनाऱ्यावरूनच मिळतो. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर याच्याकडून पोर्तुगीजांना एक गेंडा भेट मिळाला. आफोन्सो दि आल्बुकर्क याने तो गोव्याहून जहाजाने पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला पोहोचला. रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर उतरलेला हा पहिला जिवंत गेंडा मानला जातो. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला पोहोचले आणि आल्ब्रेश्त ड्युरर याने, गेंडा स्वतः कधीही न पाहता, त्याचे काष्ठमुद्राचित्र तयार केले. चित्रातील गेंड्याच्या अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखे भाग आहेत आणि मानेच्या मागे एक जादा लहान शिंग आहे. प्रत्यक्षातील प्राणी पोपला भेट म्हणून इटलीकडे पाठविला जात असता १५१६ च्या आरंभी जहाज बुडून मेला. ड्युररचा गेंडा मात्र पुन्हा पुन्हा छापला गेला, नकलून घेतला गेला, आणि अठराव्या शतकापर्यंत युरोपात गेंडा म्हणजे हाच, असे रूढ झाले.

या चित्राची रेषा थोर आहे यात शंका नाही. परंतु ते व्यक्तिचित्र म्हणून पाहिले तर त्यात मूळ प्राण्याचे काय उरले? तो पाळलेला होता, जहाजावर त्याची देखभाल करणारा माणूस त्याच्याबरोबर होता, त्याला काही सवयी असतील. चित्रात हे काहीही नाही. एका विशिष्ट जिवाच्या प्रवासातून निघालेली ही प्रतिमा छाप म्हणूनच जन्मली.

याच्या शेजारी पुण्यातील गंगाराम तांबट या चित्रकाराचे काम ठेवून पाहावे. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे ईस्ट इंडिया कंपनीचे पुणे दरबारातील वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी चित्रे काढीत. वेरूळ येथील लेण्यांची त्यांची रेखाचित्रे अभ्यासकांना परिचित आहेत. पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राण्यांचीही चित्रे त्यांनी काढली. त्यांतील गेंड्याच्या चित्रावर नोव्हेंबर १७९० असा काळ नोंदलेला असून ते आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संग्रहात आहे. येथे चित्रकार प्राण्यासमोर उभा होता. ही तारीखच त्या चित्रास व्यक्तिचित्राच्या जवळ नेते: तो गेंडा, तो शिकारखाना, तो महिना.

मात्र या कथेचा दुसरा भाग तितकासा सुखद नाही. मॅलेट यांच्या संग्रहाबरोबर गंगाराम यांची चित्रे परदेशी गेली. ज्या पुण्यात तो गेंडा लोकांनी पाहिला असेल त्या पुण्यात त्याचे चित्र कोणाच्या दृष्टीस पडले नाही. न पाहता काढलेला गेंडा घरोघर गेला आणि पाहून काढलेला गेंडा संग्रहाच्या कपाटात राहिला. चांगले चित्र आपोआप लोकांपर्यंत पोहोचते या भाबड्या विश्वासास ही दोन चित्रे मिळून पुरेसे उत्तर देतात. लोकांपर्यंत नेणे ही स्वतंत्र कृती आहे आणि तिचे गुणदोष चित्राच्या गुणदोषांहून वेगळे तपासावे लागतात.

'कुत्रा छाप' रेकॉर्ड

चेहऱ्याची छाप होत असताना नेमके काय घडते हे अगदी जवळून दाखविणारे उदाहरण एकच आहे, आणि ते मराठी घरांनी आपल्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षे फिरताना पाहिले आहे. बालगंधर्वांची पदे ऐकविणाऱ्या तबकडीच्या मधोमध कर्ण्यासमोर बसलेला जो कुत्रा असे, तो कोणा जाहिरातकाराने कल्पिलेला नव्हता. त्याचे नाव निपर. १८८४ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे जन्मलेला हा कुत्रा मार्क बॅरॉड नावाच्या गृहस्थांचा होता. ते १८८७ साली वारले तेव्हा त्याचा सांभाळ त्यांच्या भावांकडे आला. त्यांपैकी फ्रान्सिस हे चित्रकार होते. १८९५ साली निपर मेला, आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी फ्रान्सिस यांनी आठवणीतून त्याचे चित्र पूर्ण केले: फोनोग्राफच्या कर्ण्याकडे कान देऊन बसलेला कुत्रा. म्हणजे हे मुळात शोकचित्र होते. मालक गेला, कुत्राही गेला, आणि मागे राहिलेल्या भावाने त्याची कान देऊन ऐकण्याची लकब तेवढी राखून ठेवली.

१८९९ साली ग्रामोफोन कंपनीने हे चित्र विकत घेण्याची तयारी दाखविली, पण एका अटीवर: चित्रातील जुन्या पद्धतीचे यंत्र पुसून तेथे कंपनीचा नवा ग्रामोफोन रंगवावा. बॅरॉड यांनी तसे केले. मूळ चित्रात जुन्या यंत्राच्या खुणा रंगाखाली आजही दिसतात. चित्र आणि त्याचे हक्क मिळून शंभर पौंड देण्यात आले. पुढे कंपनीच्या मागणीवरून बॅरॉड यांनी स्वतःच या चित्राच्या चोवीस प्रती रंगविल्या. आपल्याच मेलेल्या कुत्र्याचे चित्र चोवीस वेळा नकलून काढताना चित्रकाराच्या हातात प्रत्येक वेळी निपर होता की सवय होती, हे चित्रांवरून सांगणे कठीण आहे. परंतु प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही.

१९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाल्यावर हिंदुस्थानात तबकड्यांचा प्रसार वाढला आणि पुढे हा कुत्रा गावोगावच्या वाड्यांत पोहोचला. या प्रवासात तीन गोष्टींचा हिशेब मांडता येतो. यंत्र बदलले. नाव गळून पडले. तबकडीवर कंपनीचे घोषवाक्य होते, निपरचे नाव नव्हते, आणि मराठी माणसाच्या तोंडी 'कुत्रा छाप' एवढेच राहिले. मान किंचित कलती ठेवून ऐकण्याची ती बैठक मात्र टिकली. जगातील दुसऱ्या कोणत्याही पाळीव प्राण्याच्या चित्रास इतके प्रेक्षक लाभले नसतील. आणि तरी, ज्या एका लकबीमुळे बॅरॉड यांना तो कुत्रा आठवला, ती लकब कोट्यवधी प्रतींतून शाबूत राहिली. छाप झालेल्या चित्रातही चेहऱ्याचा अंश उरू शकतो असे या लेखात वर म्हटले आहे, ते या चित्राच्या आधारे.

दोन उपप्रश्न येथे थोडक्यात नोंदवावेत. मुंबईतील 'काळा घोडा' हा १८७९ मध्ये बसविलेला वस्तुतः युवराज एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविला गेला, पण परिसराचे नाव घोड्यावरूनच राहिले आणि २०१७ साली त्या जागी स्वाराविना घोडा उभा करण्यात आला. स्वार गेला आणि घोडा उरला. तरी त्या घोड्यास रंगावरून मिळालेल्या वर्णनापलीकडे नाव नाही. उलट रायगडावरील 'वाघ्या'. त्याच्या ऐतिहासिक पुराव्याविषयी मोठा वाद आहे आणि तो इतिहासकारांनी सोडवावयाचा आहे. चित्रविचाराच्या दृष्टीने एवढेच म्हणता येईल की तेथे नाव आहे, कथा आहे, पण शिल्पकारासमोर बसलेला प्राणी नाही. केवळ नावाने व्यक्तिचित्र होत नाही आणि केवळ आकृतीनेही होत नाही.

आजचे उपक्रम

२००६ साली थायलंडमध्ये मोशा नावाच्या हत्तीच्या पिल्लाने भूसुरुंगावर पाय पडल्याने एक पाय गमावला. त्या पिल्लाच्या भेटीतून 'एलिफंट परेड' या उपक्रमाची कल्पना निघाली: हत्तीच्या पिल्लाचे एकसारखे पुतळे तयार करावयाचे, ते निरनिराळ्या चित्रकारांनी रंगवावयाचे, शहरात मांडावयाचे आणि विक्रीतून हत्तींच्या संवर्धनास पैसा उभा करावयाचा. पहिली मांडणी २००७ साली रॉटरडॅम येथे झाली आणि २०१८ साली हे रंगीत हत्ती मुंबईतही येऊन गेले. उपक्रमाचा हेतू चांगला आणि त्याचे फलितही चांगले. परंतु पुतळ्याच्या पाठीवर कोणी फुले रंगविली, कोणी नक्षी, कोणी शहराचे दृश्य. हत्ती हा चित्राचा विषय राहिला नाही, चित्राची फळी झाला. ज्या मोशापासून आरंभ झाला तिचा तुटलेला पाय त्या चार पायांवर उभ्या एकसारख्या पुतळ्यांत कोठे शोधावा? दात्याचा पैसा 'हत्ती' या सामान्यनामासाठी आला असेल. मोशाचा चेहरा त्यासाठी खर्ची पडला.

नवी मुंबईतील भित्तिचित्रांसंबंधीही असेच काहीसे म्हणावे लागते. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने महानगरपालिकेने शहरातील भिंती आणि पुलांचे खांब मोठ्या प्रमाणावर रंगवून घेतले. ठाणे खाडीत येणारा रोहित पक्षी हे शहराचे मानचिन्हच होऊन बसले असून तो जागोजागी रंगविलेला आणि घडविलेला दिसतो. शहर त्यामुळे प्रसन्न दिसते हे नाकारण्याचे कारण नाही. पण रोहित हा थव्याने येणारा, दूर चिखलात उभा राहणारा पाहुणा आहे. त्याचे चित्र कोणाही एका पक्ष्याचे होत नाही. ज्या प्राण्यांबरोबर या शहरातील माणसे प्रत्यक्ष राहतात, रात्रपाळीला ज्यांच्याशी बोलतात, ते या भिंतींवर फारसे आढळत नाहीत. सौंदर्यीकरणास निनावी प्राणी अधिक सोयीचा वाटतो.

इंग्लंडमधील वर्दिंग या गावचे फिल हेकेल्स यांचे उदाहरण या पार्श्वभूमीवर वेगळे ठरते. २०२० साली त्यांनी आपल्या घरच्या कुत्र्याचे एक अत्यंत वेडेवाकडे चित्र काढले आणि गमतीने ते विक्रीस असल्याचे समाजमाध्यमावर जाहीर केले. लोकांनी खरोखरच आपापल्या प्राण्यांची तशी चित्रे मागण्यास सुरुवात केली. हेकेल्स यांनी 'हर्क्युल व्हॅन वोल्फविंकल' असे भारदस्त टोपणनाव घेतले, चित्रे फुकट काढून दिली, आणि मोबदल्याऐवजी बेघरांसाठी काम करणाऱ्या 'टर्निंग टाइड्स' या स्थानिक संस्थेस देणगी देण्याची विनंती केली. त्यातून मोठी रक्कम उभी राहिली. सादृश्याच्या कसोटीवर ही चित्रे पहिल्याच पायरीवर नापास होतात: पाय पाच वाटावेत, डोळे भलतीकडे. तरी मालकांना ती हवीशी वाटली, कारण प्रत्येक चित्र एका नावाच्या प्राण्यासाठी आणि एका घरासाठी काढलेले होते. येथे सादृश्याचा अर्थ थोडा ताणून घ्यावा लागतो. रेषा चुकली तरी रोख चुकला नव्हता. अर्थात त्या घराबाहेरच्या प्रेक्षकास त्यात विनोदापलीकडे काही मिळत नाही, ही त्यांची मर्यादाही तितकीच खरी आहे.

महाराष्ट्रात या प्रकाराचे सर्वांत जिवंत रूप कोणते, असे विचारले तर उत्तर अभिरुचीसंपन्न वाचकास रुचणार नाही. ते रूप चौकातल्या फ्लेक्सचे आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या काळात शर्यतीच्या पट्ट्यात बैलांच्या वाढदिवसाचे फलक नव्या जोमाने लागू लागले. 'बकासुर' हे बैलाचे नाव त्या पट्ट्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही. कुत्र्यांच्या वाढदिवसाचेही असे फलक लागतात: मध्यभागी सत्कारमूर्ती प्राणी, खाली शुभेच्छुकांच्या छायाचित्रांची रांग. हे फलक बेढब असतात, रंगाचा विधिनिषेध पाळीत नाहीत, आणि पुष्कळदा विनापरवाना लावलेले असतात. अशा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार आदेश दिले आहेत. यांतील प्रतिमा रंगविलेली नसते, संगणकावर जुळविलेली असते. हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की त्या बैलाचे नाव, त्याचा वशिंडाचा आकार, शिंगांची ठेवण आणि मालकाचे गाव फलकावर जसेच्या तसे असते. देखण्या भित्तिचित्राने जे घालविले ते या ओबडधोबड फलकाने राखले आहे. कलाशिक्षण घेतलेल्या उपक्रमकर्त्यांनी याचा राग मानण्यापेक्षा अभ्यास करावा हे बरे.

नावाची ही शक्ती केवळ हौसेपुरती नाही. २०२५ साली कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी उर्फ माधुरी ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशानुसार जामनगर येथील वनतारात हलविण्यात आली तेव्हा हजारो लोक मोर्चात चालले. निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. लोक चालले ते माधुरीसाठी, 'हत्ती' या प्राण्यासाठी नव्हे. त्याच वर्षी भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आणि देशभर चर्चिला गेला. त्या चर्चेत दोन्ही बाजूंकडून कुत्रे बहुधा संख्येनेच आले.

पुन्हा बाजारात

एपीएमसी मार्केटमध्ये प्राणी आहेत आणि त्यांतील पुष्कळसे कोणाचेच नाहीत. धान्य आहे तेथे उंदीर, आणि उंदीर आहेत तेथे मांजर. दाणा बाजारास हे नव्याने सांगावयास नको. फाटकापाशी, धक्क्यावर, चहाच्या टपरीभोवती कुत्री असतात. 'पाळीव' आणि 'भटके' या दोन शब्दांत ती नीट बसत नाहीत. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी अशांसाठी सामुदायिक प्राणी अशी संज्ञा योजली आहे, ती येथे चपखल बसते. पाळीव प्राण्यांच्या व्यक्तिचित्रांचा उपक्रम या बाजारात करावयाचा झाला तर त्याचे नायक हेच ठरतील. घरच्या प्राण्याचे चित्र लोकांपर्यंत नेताना ते परक्यांना दाखवावे लागते. बाजारातील मांजरास मात्र शेकडो माणसे आधीच ओळखतात. चित्राचा प्रेक्षक आणि चित्रविषयाचा परिचित एकच, ही स्थिती बॅरॉड यांना लाभली नाही आणि गंगाराम यांनाही नाही.

अशा उपक्रमाला बाजारात दोन तयार जागा उपलब्ध आहेत. पहिली म्हणजे ट्रकचा मागचा भाग. माल घेऊन देशभरातून येणाऱ्या ट्रकांवर गाय-वासरू, मोर, वाघ, गरुड हे रंगविलेले असतात. ('हॉर्न ओके प्लीज' या अक्षरांवर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली बंदी घातली, तरी ती अक्षरे अद्याप पुरती गेलेली नाहीत, रंगाऱ्याचा हात शासनाच्या परिपत्रकापेक्षा चिवट असतो.) या चित्रांची एक विसंगती मात्र डोळ्यांत भरते. त्याच फळीवर मालकाच्या मुलांची लाडकी नावे असतात, गावाचे नाव असते, कुलदैवताचे नाव असते. गायीचे नाव नसते. ती गाय मालकाच्या गोठ्यातली नसून रंगाऱ्याच्या सरावातली असते. नाव लिहिण्याची रीत आहे, प्राणी रंगविण्याची रीत आहे. या दोन रीती शेजारी शेजारी राहूनही एकमेकींस भेटलेल्या नाहीत. चालकाने गोठ्यातल्या गायीचे छायाचित्र रंगाऱ्यापुढे ठेवावे एवढाच बदल पुरेसा आहे आणि त्यास वेगळा खर्चही येत नाही.

दुसरी जागा गाळ्यांच्या शटरची. चित्रकार अतुल दोडिया यांनी मुंबईच्या दुकानांची लोखंडी शटरे हीच चित्राची पृष्ठभूमी म्हणून वापरली, आणि शटर वर गेले की आतील दुसरे चित्र दिसावे अशी रचना केली. त्यांची शटरे कलादालनात उभी राहिली. बाजारातल्या शटरला बाजाराचेच वेळापत्रक पाळावे लागेल. भाजीपाला बाजार पहाटेच्या अंधारात जागा होतो आणि दिवस वर येईतो त्याचा मुख्य व्यवहार आटोपत आलेला असतो. दाणा आणि मसाला बाजारांचा दिवस उशिरा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालतो. शटरवर काढलेले चित्र व्यवहार चालू असेतो गुंडाळलेले राहील आणि गाळा बंद झाल्यावरच उलगडेल. त्या वेळी व्यापारी आणि माथाडी घरी गेलेले असतील. रात्रपाळीचा रखवालदार तेथे असेल, त्याची बॅटरी असेल, आणि ज्या मांजराचे ते चित्र आहे ते त्याच गाळ्याच्या उंबऱ्याशी बसलेले असेल.